तेरा वर्षांपूर्वीचा अंगठा

माणूस खोटे बोलतो, साक्षीदार विसरतो, सही गिरवता येते. अंगठा मात्र ज्याचा त्याचाच असतो. पोलीस खात्याच्या ठसे विभागात बावीस वर्षे काढून मी या निष्कर्षाला आलो होतो, आणि निवृत्तीनंतर राजारामपुरीत ‘नृसिंह मुनीश्वर, ठसेतज्ज्ञ’ अशी पाटी लावली, तेव्हा हाच निष्कर्ष माझ्या उपजीविकेचा पाया होता. त्याविषयी शंका घेणाऱ्याला मी सहजासहजी उठू देत नसे. अशा शंकेखोरांसाठीच १९७२ साली मी ठशांच्या शास्त्रावर अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका पदरमोड करून छापली. माझ्या घरापासून तिसऱ्या गल्लीत जयपाल मगदूम याचा छापखाना होता. काम त्याच्याकडे दिले. मुद्रिते चार वेळा तपासली. चौथ्या वेळी एकोणिसाव्या पानावर एक तळटीप वाढवली. खिळे जुळवून बांधलेले पान पुन्हा सोडावे लागेल म्हणून जयपाल काकुळतीला आला होता. मी अर्धा तास वाद घातला आणि तळटीप छापवून घेतली. तिच्याकडे मी पुढे येईन.

१९७४ च्या जुलैत दिवाणी न्यायालयाकडून एक मोहोरबंद पाकीट माझ्याकडे आले. शिरोळच्या विजयमाला मगदूम या विधवेने आपल्या पुतण्यावर दावा लावला होता, आणि तो पुतण्या म्हणजे हाच जयपाल. नवऱ्याच्या वाटणीची दोन एकर जमीन आणि घराच्या मागच्या दोन खोल्या, एवढाच त्या बाईंचा संसार. १९७३ च्या जानेवारीत त्यांनी या दोहोंवरील हक्क पुतण्याच्या नावे सोडला, असा कागद जयपालने पुढे केला होता. त्यावर बाईंचा डावा अंगठा होता आणि छापखान्यातल्या दोघांच्या साक्षी होत्या. असा कागद आपण पाहिलेलाही नाही, असे बाईंचे म्हणणे. तो खरा ठरला असता, तर साठीला टेकलेल्या, मूलबाळ नसलेल्या त्या बाईला दिवाळीच्या आत चूलबोळके उचलून बाहेर पडावे लागणार होते.

जयपाल माझा मुद्रक असल्याचे मी न्यायालयाला लेखी कळवले. त्यामुळे अंगठ्याच्या रेषांत काही फरक पडत नाही, असेही जोडले. न्यायालयाला ते पटले.

तुलनेसाठी एक जुना ठसा उपलब्ध होता. बाईंचे यजमान १९६० च्या मार्चमध्ये वारले. त्यानंतर महिन्याभराने वारसनोंदीच्या जबाबावर बाईंनी अंगठा उठवला होता, आणि तो दोन्ही पक्षांना मान्य होता. दोन्ही ठसे भिंगाखाली ठेवले. सोळा जागी रेषा जुळल्या. न जुळणारी जागा एकही सापडली नाही. ताज्या ठशासाठी बाईंना बोलवावे काय, असे त्यांचे वकील गणपतराव यांनी विचारले, तेव्हा अंगठा जन्मापासून चितेपर्यंत बदलत नाही, सबब अनावश्यक, असे मी उत्तर धाडले. ‘सदर कागद विजयमालाबाईंनीच केलेला आहे’ असा अहवाल दिला आणि ते प्रकरण मनातून काढून टाकले. मूळ कागद साक्षीच्या तारखेपर्यंत माझ्याच कपाटात राहिला.

गणपतराव मात्र चिवट निघाले. त्यांनी न्यायालयाकडून हुकूम मिळवला, आणि बारा ऑगस्टला त्यांच्या कारकुनासोबत विजयमालाबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. कृष्णेचे पाणी शिवारात शिरले होते. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला होता.

“बसा, बाई.”

“बसतो की. आदी सांगा, माझा अंगठा वळखणारं ते तुमीच व्हय?”

“अहवाल माझाच आहे.”

“मंग मला कशाला बलिवलंसा? अंगठा घावलाय की तुमास्नी. आता बाई काय करायची?”

कारकून हसला. माझी पत्नी पद्मजा चहा घेऊन आली होती, तीही हसली. मी काचेवर शाई पसरली, बाईंचा डावा अंगठा हाती घेतला, आणि तो टेकवण्यापूर्वीच थांबलो. अंगठ्याच्या मधोमध, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, पांढरा तिरपा वण होता.

“हे कधीचे?”

“एकसष्ट सालचं. ऊस तोडताना कोयता बसला. हाड दिसत हुतं बगा. हळद भरली आन बांदलं.”

मी ठसा घेतला. वणाच्या जागी रेषांच्या आरपार स्वच्छ पांढरी फट उमटली. मग कपाटातून १९७३ चा कागद काढून भिंगाखाली सरकवला. तेथे सोळाच्या सोळा खुणा होत्या. वण नव्हता.

वण बुजत नाही. एवढी खोल जखम कातडीच्या मुळाशी जाते आणि मरेपर्यंत राहते, हे माझ्याच पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर आहे. शाई जास्त झाल्याने फट भरली असेल, असा तर्क मी केला. पण मग शेजारच्या बारीक रेषाही भरून गेल्या असत्या, आणि त्या तर केसासारख्या सुट्या दिसत होत्या. जुन्या कोऱ्या कागदावर आधीच अंगठा घेऊन ठेवला असेल काय? तसेही नव्हते, कारण तो मुद्रांकच १९७३ चा होता. विक्रेत्याचा शिक्का आणि अनुक्रमांक मी स्वतः ताडून पाहिले होते. निष्कर्ष एकच उरत होता, आणि तो उच्चारण्याजोगा नव्हता. ज्या अंगठ्याने हा ठसा उठवला, तो १९६१ पूर्वीचा अंगठा होता, आणि तो १९७३ च्या कागदावर टेकला होता.

“काय घावलं?” बाईंनी विचारले.

पक्षकाराला पुरावा दाखवू नये, हा माझा नियम. तरीही मी भिंग त्यांच्यापुढे सरकवले. त्या वाकल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. वाचता न येणाऱ्या माणसाने इतके एकाग्र होऊन काही पाहिलेले मी क्वचितच पाहिले आहे.

“व्हय,” त्या अखेर म्हणाल्या. “अंगठा माझाच हाय. पर साहेब, ही मी न्हवं. ही मालक हुतं तवाची हाय.”

कारकून या वेळी हसला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडले, तेव्हा मुंग्या दिसल्या. माझ्या कपाटात खाण्याचा पदार्थ कधी गेलेला नाही. चारी कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. तरी मागच्या फटीतून लाल मुंग्यांची एक बारीक ओळ निघाली होती आणि शंभरावर पाकिटांना वळसा घालून एकाच पाकिटात शिरत होती. पाकीट टेबलावर आणून मी कागद उलगडला. वरचा सगळा मजकूर मोकळा होता, साक्षीदारांच्या सह्या मोकळ्या होत्या. मुंग्या होत्या त्या केवळ अंगठ्यावर. अस्ताव्यस्त पसरलेल्याही नव्हत्या. रेषेमागे रेष धरून, एकीला एक चिकटून, अंडाकृती भोवऱ्यात बसलेल्या होत्या. शाईचा अंगठा दिसतच नव्हता. त्याच्या जागी मुंग्यांचा एक अंगठा होता, आणि तो किंचित हलत होता.

मी फुंकर मारली. त्या पांगल्या, कागदाच्या कडेपर्यंत गेल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत परतून आपापल्या रेषेवर बसल्या.

“अगं बाई!” पद्मजा मागे येऊन उभी होती. “गुळाला लागाव्यात तशा लागल्यात. तुम्ही त्यावर काही सांडलं तर नाही ना?”

“मी कधी काही सांडलेले पाहिले आहेस?”

“नाही. म्हणून तर भीती वाटते.”

मी कागद उन्हात धरला. ऊन कसले, ढगाआडचा उजेड. पण तिरपा धरल्यावर त्या ठशावर एक पुसट चकाकी दिसली. तशी चकाकी घामाला असते. मात्र माणसाचा घाम दीड वर्ष टिकत नाही, आणि तो गोडही नसतो.

पुढील उलगडा भिंगाने झाला नाही, हे कबूल करणे मला भाग आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करीत असता आरशात मागे पद्मजा दिसली. ती पाटावर बसून कुंकू लावीत होती. डाव्या मुठीत मेणाची लहानशी डबी, आणि त्याच हाताचा अंगठा मेणावर दाबून धरलेला. पावसाळी गारव्याने कडक झालेले मेण ती अंगठ्याच्या उबेने मऊ करीत होती. मग उजव्या बोटाने तिने थोडे मेण कपाळाला लावले, त्यावर कुंकू टेकले आणि डबीचे झाकण बंद केले. मी वस्तरा ठेवला.

“ती डबी दाखव.”

“इश्श! काय मेलं तोंडाला साबण आणि डबी दाखव! तीस वर्षांत आज कुंकू दिसलं वाटतं.”

डबीतल्या मेणात पद्मजाचा डावा अंगठा उमटलेला होता. प्रत्येक रेष होती, रेषेवरची घामाची छिद्रेदेखील होती. तीस वर्षे हे माझ्या घरात रोज सकाळी घडत आले होते. बायकोच्या डाव्या अंगठ्याचा असा बिनचूक साचा माझ्या घराच्या कोनाड्यात पडून होता, आणि मी न्यायालयात शपथेवर सांगत होतो की अंगठा शरीराबाहेर राहू शकत नाही.

त्याच दिवशी मी एस.टी. धरून शिरोळला गेलो. विजयमालाबाई खोलीच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. मी मेणाच्या डबीविषयी विचारताच त्यांचे हात थांबले.

“हुती की. पितळंची. माहेरची.” मग सोललेली पाकळी खाली ठेवून, “त्या दिवशी सकाळी मेण दाबलं, कुक्कू लावलं, मालकास्नी भाकरी बांदून दिली. दुपारी मळ्यातनं त्यांस्नी खाटंवर घालून आणलं. पान लागलं हुतं.” सर्पदंशाला त्या भागात असेच म्हणतात. “जाऊबाईंनी कपाळ पुसलं आन डबी हातातनं काडून घेतली. पुना मी तिला हात लावला न्हाय. आमच्यात लावत्यात व्हय?”

“डबी कोठे आहे?”

“जाऊबाईंच्या कपाटात आसंल. त्रिशलाबाई, जयपालची आई. तिनं टाकली नसंल. सवाष्णीची वस्तू टाकत न्हाईत.”

म्हणजे तेरा वर्षे त्या मेणाला कोणी स्पर्श केला नव्हता. बाई विधवा झाल्या, जबाबावर अंगठा उठवून आल्या, कोयत्याने अंगठा कापून बसल्या, केस पिकले. आणि त्या सगळ्या काळात, झाकणाखाली, त्यांचा एक अंगठा सवाष्णच राहिला होता. तो बंद होता. वाट पाहत होता, असे लिहिणे अशास्त्रीय ठरेल. पण त्या उंबऱ्याशी उभा असताना माझ्या मनात तेच शब्द आले.

एकोणिसाव्या पानावरची तळटीप अशी: ‘मेणात उमटलेला ठसा वर्षानुवर्षे टिकतो. त्यात वितळलेला सरस (जनावरांच्या कातड्याचा डिंक) ओतून घेतल्यास मूळ अंगठ्याची प्रतिकृती मिळेल, व तिने उठवलेला ठसा तज्ज्ञासही ओळखता येणार नाही. तथापि असे कोणी करील हे संभवत नाही.’ शास्त्रीय पूर्णतेसाठी मी ती लिहिली होती. माझ्या पुस्तिकेच्या तीनशे प्रतींपैकी दोनशे साठ अजून घरात आहेत. म्हणजे ती तळटीप लक्षपूर्वक वाचलेला मनुष्य बहुधा एकच होता, आणि त्याने ती अक्षर अक्षर जुळवली होती.

परतल्यावर मी छापखान्यात गेलो. जयपाल एप्रन बांधून चुलीपाशी बसला होता. पातेल्यात तांबूस काही रटरटत होते, आणि त्याचा वास मला दारातच लागला. त्यात कातड्याचा वास होता आणि गुऱ्हाळाचाही.

“या या, सर! दुसरी आवृत्ती काय?”

“हे काय शिजवतोस?”

“रूळ ओततोय. शाई फिरवायचा रूळ. सरस आन गूळ. गुळाबिगर मऊपणा येत न्हाय.” त्याने जुना रूळ उचलून माझ्यापुढे धरला. “पावसाळ्यात ह्यांचा लई ताप. हात लावून बगा. घाम सुटतो ह्यास्नी. जितं हाय असं वाटतंय.”

मी बोट लावले. रूळ ओलसर होता, आणि माझ्या बोटाखाली तो किंचित दबला, कातडी दबते तसा. बोट उचलले तेव्हा माझा ठसा त्यावर राहिला.

“जयपाल, काकूंची दोन एकर तुला कशासाठी हवी?”

“ती आमच्या आज्याची जिमीन, सर. काकीच्या मागं कोण हाय? आज न उद्या माझ्याकडंच यायची की.” तो पातेले ढवळत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि भयही नव्हते. “आन तुमी कशाला डोस्कं शिणवताय? अंगठा जुळला न्हवं? सोळा ठिकाणी?”

“जुळला.”

“मंग झालं की. तुमचंच पुस्तक हाय.” तो हसला. “तळटीप नगं म्हणत हुतो मी. तुमीच आयकलं न्हाईसा.”

जुलैचा अहवाल मागे घेत आहे आणि ती डबी ताब्यात घ्यावी, असा अर्ज त्याच संध्याकाळी मी न्यायालयाला लिहिला. पद्मजाने तो वाचला आणि विचारले, “यानंतर कोणी तुमच्याकडे कागद पाठवील?” बहुधा नाही, असे मी म्हटले. तिने अर्ज घडी घालून पाकिटात ठेवला.

अठ्ठावीस ऑगस्टला बेलिफाने त्रिशलाबाईंच्या कपाटातून आणलेली डबी न्यायाधीशांसमोर उघडली गेली. मेण काळपट पडले होते. मध्ये अंगठ्याचा खळगा स्पष्ट होता, आणि त्याच्या तळाशी तांबूस, चिकट असा पातळ पापुद्रा होता, त्यात चार-पाच मुंग्या रुतून मेल्या होत्या. सगळे दालन पुढे वाकले. तेवढ्यात विजयमालाबाई उठल्या, टेबलापाशी आल्या, आणि त्यांचा डावा अंगठा त्या खळग्याकडे जाऊ लागला. त्या काही ठरवून करीत नसाव्यात. हात आपोआप जात होता.

“हात लावू नका!” मी ओरडलो. न्यायालयात मी पहिल्यांदाच आवाज चढवला. बाई दचकून थांबल्या. अंगठा खळग्यापासून बोटभर अंतरावर होता. वणासकट तो आत गेला असता, तर त्यांचा एकमेव पुरावा त्यांच्याच हाताने मोडला असता.

जयपालचे वकील हंबीरराव माझी उलटतपासणी घ्यायला उठले.

“मुनीश्वर साहेब, कागदावरचा अंगठा बाईंचा आहे?”

“आहे.”

“आणि कागद बाईंनी केलेला नाही?”

“नाही.”

“जुलैच्या अहवालात तर केलेला होता!”

“जुलैत मला अंगठा दिसला आणि मी बाई पाहिल्या असे लिहिले. ती चूक माझी आहे.”

“वा! मग आजवर तुमच्या शब्दावर ज्यांचे निकाल लागले, त्यांनी आता काय करायचे? त्यांचेही अंगठे डबीतून आले होते की काय?”

दालनात हशा पिकला. मी उत्तराची जुळवाजुळव केली. वादात मला शब्दांची वाण कधी पडलेली नाही.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो.

वणाचा पुरावा, मेणाचा खळगा आणि पापुद्र्यातला सरस व गूळ, एवढे न्यायालयाला पुरेसे झाले. दसऱ्यापूर्वी निकाल लागला. कागद बनावट ठरला, जमीन आणि खोल्या पुन्हा बाईंच्या नावावर चढल्या, आणि जयपाल व त्याचे दोन साक्षीदार यांच्यावर खटला भरण्याचा हुकूम झाला. माझ्याकडे त्यानंतर एकही पाकीट आले नाही.

तो खटला संपून डबी परत मिळाली त्या दिवशी विजयमालाबाई थेट माझ्याकडे आल्या. पद्मजाने पाट मांडला, त्या टेबलापाशीच उभ्या राहिल्या.

“साहेब, आता हात लावू का हिला?”

“आता तुमचीच आहे.”

त्यांनी डबी डाव्या मुठीत घेतली. जुनी सवय हातात होती. अंगठा आपोआप वर आला. क्षणभर त्या आत पाहत राहिल्या. त्या खळग्यात कोणाला पाहत होत्या, हे विचारण्याइतका तज्ज्ञ मी त्या दिवसापुरता तरी उरलो नव्हतो. मग त्यांनी अंगठा टेकवला आणि दाबून, गोल फिरवून, सगळे मेण चोळून टाकले. नखात मेण भरले, मुंग्या चिरडल्या, खळगा सपाट झाला.

“जा बाई,” त्या डबीला म्हणाल्या. “लई दिस ऱ्हायलीस.”

चहा न घेताच त्या निघाल्या. वळताना आधारासाठी त्यांनी टेबलाच्या काचेवर हात टेकला होता. त्या गेल्यावर तेथे मेणाचा ठसा दिसला. मधोमध तिरपा वण असलेला, पूर्ण, उत्तम ठसा. असे ठसे मी आयुष्यभर जपले आहेत. तो मात्र मी धोतराच्या सोग्याने पुसला, मग ओल्या फडक्याने पुसला, मग खिडकी उघडून काच तिरप्या उजेडात पाहिली.

अजून होता.